'छान लिहिलंय'च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न: मला वाचायला मनापासून आवडतं. ओळखीतली, ओळखीबाहेरची बरीच माणसं लिहितात. त्यांचे लेख वाचले की लेखकाला चार ओळी कळवाव्यात असं दर वेळी वाटतं, पण लिहायला बसलं की 'छान लिहिलंय, आवडलं' एवढ्यावर गाडी अडते. परवा ठरवून सविस्तर लिहिलं. ओळखीतल्या एका बाईंनी बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकल्याबद्दल लेख लिहिला होता. पहिल्या दिवशी त्या तलावातली लोखंडी शिडी धरून तासभर उभ्या राहतात आणि पाणी असतं फक्त छातीपर्यंत. तो भाग मला फार आवडला. मग अचानक वडिलांची आठवण येते, ते काठावरून 'लांब राहा' म्हणून ओरडायचे ती. आणि शेवटी 'भीती ही शिकवली जाते' असं म्हणून लेख संपतो. मी त्यांना असं कळवलं: 'लेख छान आहे, पण मुळात तो दोन भागांत तुटलेला आहे. वडिलांचा प्रसंग उगाचच ओढूनताणून आणलाय. शेवट गुंडाळलाय. आणि परिक्षा नाही, परीक्षा. बाकी मस्त. लिहीत राहा!' उत्तरात नुसतं 'धन्यवाद' आलं. तेव्हापासून त्या माझ्याशी तुटक बोलतात. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मग चुकलं कुठे? आणि खोटं न बोलता, न दुखावता, नेमकं कसं लिहायचं?
एक वाचक

उत्तर:

शिडी, तासभर घट्ट धरलेले हात, छातीएवढंच पाणी. लेखातलं जे तुमच्या मनात रुतलं ते तुम्ही मला कळवलंत, लेखिकेला नाही. त्यांच्या वाट्याला 'छान' हा एक शब्द आला आणि तोही पुढच्या 'पण'ने काढून घेतला. तुमच्या खरेपणामुळे त्या दुरावलेल्या नाहीत. तुमची निरीक्षणं बहुधा बरोबरच आहेत, आणि म्हणून तर ती वाया गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्याच्या लेखनाबद्दल लिहायला बसलं की आपण नकळत परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. लेख चांगला की बरा, कुठे जमला, कुठे फसला, असा निकाल देऊ लागतो. लेखकाला या निकालाचं करायचं काय हेच कळत नाही. त्याला हवी असते ती नोंद: वाचताना तुमच्या मनात कोणत्या ओळीवर काय झालं. ही नोंद त्याला स्वतःला कधीही करता येणार नाही, कारण आपलाच मजकूर पहिल्यांदा वाचणं कुणालाच शक्य नसतं.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. काही जणांना सर्वांच्या ओळखीची गाणी दिली आणि त्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते. लेख लिहिणाऱ्याचं अगदी हेच होतं. 'वडिलांचा प्रसंग ओढूनताणून आणलाय' असं तुम्हाला वाटलं, तेव्हा लेखिकेच्या डोक्यात शिडी आणि वडील यांना जोडणारा सूर पूर्ण वाजत असणार. कागदावर मात्र टकटक उतरली. ऐकणारा कुठे अडला हे तुम्ही सांगू शकला असतात. त्याऐवजी 'वाजवायला येत नाही' असं तुम्ही सांगून बसलात.

आता तुमचा मजकूर शब्दाशब्दाने पाहू, कारण सगळा घोळ शब्दांतच आहे.

'मुळात' हा शब्द वाक्यात आला की समोरच्याचं पायापासून चुकलं असं ऐकू येतं, मग पुढे काहीही असो. 'खरं तर', 'साफ', 'नुसतं' हे त्याच कुळातले. बोलताना आपण ते श्वास घेतल्यासारखे वापरतो आणि आवाजाने त्यांची धार बोथट करतो. लिहिलेल्या शब्दाला तो आवाज नसतो. 'उगाचच' तर दुप्पट लागतो. 'उगाच'ने हेतूवर शंका घेतली आणि त्यावर 'च'ने ठोसा दिला. मराठीतला हा एकाक्षरी 'च' दिसतो त्यापेक्षा फार जड आहे. 'हे सांगायला हवं होतं' आणि 'हे सांगायलाच हवं होतं' यांत एका वाचकाच्या इच्छेपासून गुरुजींच्या छडीपर्यंतचं अंतर आहे. लिहून झालं की मजकुरातले सगळे 'च' शोधा. अर्ध्याहून जास्त काढता येतात आणि काही बिघडत नाही.

'ओढूनताणून आणलाय', 'गुंडाळलाय' या क्रियापदांचा कर्ता लेखिका आहे आणि क्रियापद आरोपाचं आहे. शेवट त्यांनी कंटाळून उरकला, की दहा वेळा खोडून तेवढाच ठेवला, हे तुम्हाला माहीत नाही. वाचकाला परिणाम ठाऊक असतो, हेतू ठाऊक नसतो. म्हणून कर्ता बदला: 'तुम्ही शेवट गुंडाळलाय'च्या जागी 'शेवटच्या वाक्यावर मी एकदम येऊन पोचले, मधली एक पायरी मला दिसली नाही.' पहिल्या वाक्यावर भांडण होऊ शकतं. दुसऱ्यावर होऊ शकत नाही, कारण तुम्हाला पायरी दिसली की नाही हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

'बाकी मस्त'मध्ये काहीच सांगितलेलं नाही, ते सोडून देऊ. 'लिहीत राहा' मात्र जपून वापरायचं. गुरूने शिष्याला म्हटलं तर तो आशीर्वाद होतो. बरोबरीच्या किंवा वयाने मोठ्या माणसाला म्हटलं की पाठीवर थाप मारल्यासारखं होतं, तेही न मागता. त्याऐवजी 'पुढचा लेख वाचायला आवडेल' म्हटलं की तुम्ही वाचकाच्याच जागेवर राहता.

आता प्रत्यक्ष कसं लिहायचं ते.

लेख दोनदा वाचा. पहिल्यांदा हातात काही न घेता, नुसता वाचक होऊन. मध्ये किमान तासाभराचं अंतर ठेवा आणि मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचा. खुणा तीनच करायच्या: जिथे ओढले गेलात तिथे समासात उभी रेघ, जिथे अडखळून मागे जावं लागलं तिथे नागमोडी रेघ, आणि जिथे मनात काही विचारावंसं आलं तिथे प्रश्नचिन्ह. या वेळी कारणं शोधायची नाहीत, फक्त जागा पकडायच्या. हजार-बाराशे शब्दांच्या लेखाला दोन्ही वाचनं मिळून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एवढा वेळ नसेल तर त्या दिवशी लिहू नका. वरवर वाचून लिहिलेलं लेखकाला पहिल्या ओळीत कळतं, आणि अभिप्रायात त्यापेक्षा अपमानकारक दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

खुणा दहा-बारा होतील. त्यांतल्या दोन उभ्या रेघा ठेवा आणि एक नागमोडी किंवा एक प्रश्न. बाकी सोडून द्या, मग त्या कितीही बरोबर असोत. यामागे सौजन्य आहेच, पण दुसरंही कारण आहे. लेखकाच्या हातात दहा मुद्दे दिले की तो त्यांतला सगळ्यांत सोपा उचलतो. तुमच्या लेखिकेने बहुधा 'परीक्षा' दुरुस्त केलं असेल आणि वडिलांचा प्रसंग होता तसाच ठेवला असेल.

मग लिहायला बसा. ऐंशी ते दीडशे शब्द पुरतात. तीनशेच्या पुढे गेलात तर तो अभिप्राय राहत नाही, तुमचा स्वतःचा लेख होतो. तो लिहावासा वाटत असेल तर अवश्य लिहा, पण वेगळा. प्रत्येक मुद्द्याचा क्रम असा: आधी जागा, मग तिथे तुमचं काय झालं, आणि सुचलं तर त्याचं कारण. कारण सुचलं नाही तरी चालतं, जागा मात्र हवीच.

'वर्णन जिवंत आहे' यात जागा नाही. 'शिडीचा प्रसंग आवडला' यात जागा आहे, पण काय झालं ते नाही. आणि हे पाहा: 'पाणी छातीपर्यंतच होतं हे तुम्ही तीन वाक्यांनंतर सांगता, तोवर मी तुम्हाला खोल पाण्यात पाहत होते.' हे वाक्य मिळालं की लेखिकेला कळेल की माहिती उशिरा सांगण्याची तिची युक्ती लागू पडली. पुढच्या लेखात ती पुन्हा वापरता येईल. कौतुकाचा खरा उपयोग हा आहे. जे जमलं ते नेमकं कशाने जमलं हे बहुतेक लिहिणाऱ्यांना माहीत नसतं, आणि दुरुस्तीच्या भरात ते तेच काढून टाकतात. म्हणून उभ्या रेघा नागमोड्यांपेक्षा जास्त ठेवायला सांगते आहे, गोड बोलावं म्हणून नाही.

मजकूर झाला की एक चाचणी करा. हाच अभिप्राय दुसऱ्या एखाद्या लेखाच्या लेखकाला जसाच्या तसा पाठवता येईल का? येत असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही. 'ओघवती भाषा', 'मनाला भिडलं', 'डोळ्यांत पाणी आलं', 'अप्रतिम' हे शब्द या चाचणीत हमखास नापास होतात. डोळ्यांत खरंच पाणी आलं असेल तर कोणत्या शब्दावर आलं ते लिहा.

तुमचंच निरीक्षण आता या पद्धतीने मांडून पाहू:

'शिडी धरून तासभर उभं राहण्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. पाणी छातीपर्यंतच होतं हे तुम्ही तीन वाक्यांनंतर सांगता, तोवर मी तुम्हाला खोल पाण्यात पाहत होते. ते कळलं आणि तुमची भीती पाण्याच्या खोलीची नाही हे आपोआप उमगलं. पुढे वडिलांची आठवण येते तिथे मात्र माझा हात सुटला. ते काठावरून "लांब राहा" म्हणायचे हे वाचून मला वाटलं, ते स्वतःही पाण्याला घाबरत असावेत. पण लेख लगेच पुढे सरकला. त्यांचं पाण्याशी काय नातं होतं? ते कळलं नाही म्हणून "भीती ही शिकवली जाते" हे शेवटचं वाक्य मला अर्धंच लागलं.'

तुमच्या तिन्ही तक्रारी इथे जशाच्या तशा आहेत: लेख दोन भागांत तुटतो, वडिलांचा प्रसंग जोडला जात नाही, शेवट घाईने येतो. एकही तक्रार सौम्य केलेली नाही. उलट तीन तक्रारींचं मूळ एकच निघालं, आणि लेखिकेच्या हातात काम आलं: वडील आणि पाणी यांच्याबद्दल दोन-तीन वाक्यं. एरवी सुटे वाटणारे दोष असे एका जागेशी येऊन मिळतात. नागमोडी रेघांची ओळ लागली असेल तर आधी पहिल्या रेघेपाशी थांबा. वाचक तिथे हरवलेला असतो, पुढच्या बऱ्याचशा रेघा तो हरवलेला असल्यामुळे पडलेल्या असतात.

यातल्या प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहा. 'वडिलांचा प्रसंग कशाला घातलात?' हाही प्रश्नच दिसतो, पण ते प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. 'त्यांचं पाण्याशी काय नातं होतं?' याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही आणि ऐकायची इच्छा आहे. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली. तिचे चार टप्पे आहेत. आधी पाहणारे सांगतात की त्यांच्या लक्षात काय राहिलं, काय अर्थपूर्ण वाटलं. मग कलाकार त्यांना प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात पाहणारे कलाकाराला प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडलेलं चालत नाही. मत येतं ते शेवटच्या टप्प्यात आणि तेही परवानगी घेऊन: 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायला आवडेल का?' कलाकार नको म्हणू शकतो. दोन माणसांच्या पत्रव्यवहारात हे चारही टप्पे पाळायची गरज नाही, पण शेवटच्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. दडलेलं मत काढून प्रश्न स्वच्छ करणं, आणि न मागितलेलं मत देण्याआधी विचारणं. प्रश्न स्वच्छ आहे की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे: कोणत्याही उत्तराने तुमचं समाधान होणार असेल तर तो स्वच्छ, एकाच उत्तराने होणार असेल तर ते मत.

लेखातला विचारच पटला नसेल तेव्हा काय? तुम्ही हे विचारलेलं नाही, पण पुढेमागे ही वेळ येणारच. मला स्वतःला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडणं ही वितंडा. आपण भांडखोर चर्चेला वितंडवाद म्हणतो तो इथून आला. मतभेदाचे बहुतेक अभिप्राय या तिसऱ्या घरात जाऊन पडतात: 'पटलं नाही', 'एकांगी आहे', 'दुसरी बाजूही असते'. कोणती बाजू? ती मांडली नाही तर लेखकाने उत्तर कशाला द्यायचं?

शास्त्रग्रंथांची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्या बाजूने, ताकदीनिशी, आणि मग आपला उत्तरपक्ष. गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांनी लोकांपर्यंत नेलेला क्रमही जवळजवळ हाच आहे. समोरच्याचं म्हणणं इतकं स्वच्छ मांडा की तो म्हणेल, मीच हे असं मांडायला हवं होतं. मग जिथे एकमत आहे ते सांगा. मग त्याच्याकडून काय शिकलात ते. आणि त्यानंतर खंडन. पोहण्याच्या लेखाला हे लावलं तर असं होईल:

'घरातल्या मोठ्यांची भीती मुलांत उतरते आणि मुलांना ती स्वतःची वाटू लागते, असं तुमचं म्हणणं मला समजलं. काठावरून येणाऱ्या हाका त्यासाठी अगदी चपखल आहेत. माझ्या ओळखीची भीती मात्र कुणी शिकवलेली नव्हती. एकदा पाय घसरून नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा ती आली. अशा भीतीला तुमच्या विचारात कुठे जागा आहे?'

पूर्वपक्ष लिहिताना निम्म्या वेळा असं लक्षात येतं की लेखकाने म्हटलेलंच नव्हतं ते आपण खोडायला निघालो होतो. म्हणून मतभेदाचा अभिप्राय लिहिताना लेख समोर उघडा ठेवा आणि ज्या वाक्याला उत्तर देताय ते वाक्य हुबेहूब उतरवून घ्या. 'काही वेळा'चं 'नेहमी' आठवणीत सहज होतं.

राग आलेला असेल तर मजकूर लिहा, पण रात्रभर ठेवा. सकाळी तो वाईटात वाईट सुरात मोठ्याने वाचा, तिरकस, टोचून. जे वाक्य त्या सुरात ऐकवत नाही ते बदला. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की थट्टा आणि गांभीर्य समोरच्याला ओळखू येईल याचा लिहिणाऱ्यांना वाटणारा भरवसा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. आपण लिहिताना स्वतःचा आवाज ऐकत असतो, त्यामुळे तो कागदावर उतरलाच आहे असं वाटतं. पुन्हा तीच टेबलावरची टकटक. म्हणून अनोळखी माणसाला लिहिताना उपरोध अजिबात वापरू नका, अगदी कौतुकासाठीसुद्धा.

शुद्धलेखन आणि तपशिलाच्या चुका वेगळ्या पाठवा, खासगीत, आणि फक्त खात्री असेल त्याच. 'परीक्षा'बद्दल तुम्ही बरोबर होतात. पण वडिलांच्या आठवणीशेजारी ती दुरुस्ती ठेवली की वाचणाऱ्याला वाटतं, मी एवढं लिहूनही या वाचकाला वेलांटी दिसली. शिवाय दुरुस्त करणाराच अनेकदा चुकतो. शेवटचा इकार दीर्घ हा नियम पाठ करून 'आणि'चं 'आणी' सुचवणारे असतात. 'आणि' आणि 'नि' हे त्या नियमाचे अपवाद आहेत. 'कवि', 'बुद्धि' असं एखाद्या उताऱ्यात दिसलं तर तो उतारा केव्हाचा आहे ते आधी पाहा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्याआधीच्या छपाईत ऱ्हस्व असणं स्वाभाविक आहे. आणि 'कविराज', 'बुद्धिवैभव' अशा सामासिक शब्दांत ते आजही ऱ्हस्वच. तपशिलाची चूक असेल, एखादं साल किंवा नाव, तर तीन गोष्टी द्या: कोणतं वाक्य, बरोबर काय, आणि तुम्ही ते कुठे पडताळलं. 'बहुतेक चुकलंय, एकदा बघून घ्या' असं लिहून आपलं काम लेखकाच्या गळ्यात मारू नका.

स्वतःचा अनुभव सांगावासा वाटणं साहजिक आहे. लेख वाचून आपलं काही आठवलं ही लेखकाला मिळणारी मोठी पावती असते. फक्त तो दोन वाक्यांत बसवा आणि तिसऱ्या वाक्यात लेखाकडे परत या. 'मीसुद्धा' म्हणून सुरुवात केली आणि लेखाकडे फिरकलोच नाही, तर लेखकाला वाटतं की आपण नुसतं निमित्त झालो.

लेख मृत्यूबद्दल, आजाराबद्दल, तुटलेल्या नात्याबद्दल असेल तर वरचे बरेचसे नियम बाजूला ठेवा. नागमोडी रेघ नको, प्रश्न नको, सल्ला तर मुळीच नको. 'काळ हेच औषध', 'खंबीर राहा' ही वाक्यं लेखकाने शंभरदा ऐकलेली असतात. तीन-चार वाक्यं पुरतात आणि त्यांत लेखातलीच एक बारीक गोष्ट असू द्या: 'आईच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, तिथे मी थांबले.' गेलेल्या माणसाचं नाव लेखात आलं असेल तर तेच नाव लिहा. 'तुमच्या मातोश्री' असं लिहिलं की ते माणूस पुन्हा परकं होतं.

संबोधनाचा घोळ टाळण्यासाठी एवढंच: अनोळखी लेखकाला 'तुम्ही', वय कितीही कमी वाटलं तरी. 'आपण'ही चालतं, पण एकदा 'आपण' आणि पुढे 'तुम्ही' असं मिसळू नका. आणि 'तुमच्यासारख्या नवोदितांनी' कधीही नाही.

लेखकाचं उत्तर आलं तर? 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं आलं तर ते भांडणाचं आमंत्रण समजू नका. त्याला काय म्हणायचं होतं आणि तुम्हाला काय समजलं, यातलं अंतर आता दोघांनाही कळलं. तुमचं काम झालं. 'पण तुम्ही लिहिलंय तसंच' म्हणून ओळ उद्धृत करून पाठवू नका. 'आता समजलं, मी वेगळं वाचलं होतं' एवढं पुरे. उत्तर आलंच नाही तरी विचारणा करायची नाही. आणि तुम्ही सुचवलेलं पुढच्या लेखात दिसलं नाही तर ते मनावर घ्यायचं नाही, लेख त्यांचा आहे.

आता त्या बाईंचं. माफीचं लांबलचक पत्र लिहू नका, त्याने त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. वडिलांचा विषयही तुम्ही होऊन काढू नका. जे पहिल्यांदा राहून गेलं तेवढं पाठवा:

'परवा तुमच्या लेखाबद्दल मी घाईत लिहिलं आणि मुख्य तेच राहून गेलं. शिडी धरून तुम्ही तासभर उभ्या होतात आणि पाणी छातीपर्यंतच होतं, हे वाचल्यापासून तो प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.'

हे फोनवर बोलू नका, लिहूनच पाठवा. तुमचा पहिला मजकूर त्यांच्याकडे लिहिलेला आहे, तेव्हा हाही त्याच्याशेजारी लिहिलेला असू द्या. त्यावर त्या आपणहून म्हणाल्या, 'पण तुम्हाला तो दोन भागांत तुटलेला का वाटला?', तर वडिलांबद्दलचा प्रश्न तयार आहे. तो विचारा आणि त्या सांगतील ते ऐका.